पैकीच्या पैकी मार्क

अभिप्रायाचे फॉर्म तिसऱ्यांदा चाळले आणि कपाळाला हात लावला. तीन ट्रेनर, फॉर्म भरणारे सात सेल्समन, आणि सगळ्यांनी तिघांनाही दहापैकी दहा दिलेले. आता यातून एक निवडायचा कसा?

मी जव्हारच्या शाखेचा मॅनेजर. आम्ही नागली, म्हणजे नाचणी, मळायचं छोटं यंत्र विकतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर नागली अजून काठीने झोडतात, त्यामुळे यंत्राला मागणी असायलाच हवी. ऑर्डर बुकात ती भरभरून होतीही. पण टेम्पो यंत्रं घेऊन डोंगर चढायचा आणि जवळजवळ तसाच भरलेला खाली यायचा. 'आज नको, पुढच्या बाजाराला बघू,' एवढंच उत्तर.

नाशिकच्या हेड ऑफिसातून देसाई साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. एक ट्रेनर घे, टीमला विकायला शिकव. हाही हंगाम असा गेला तर शाखा बंद. म्हणजे माझी बदली, आणि माझी सात माणसं पुन्हा भिवंडीच्या गोदामात हमालीला. त्याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

म्हणून तिघांना डेमोला बोलावलं. डेमो म्हणजे तासाभराचा नमुना, आवडला तर पुढचं ट्रेनिंग. पहिले ठाण्याचे. त्यांनी सगळ्यांना खुर्चीवर उभं करून 'मी विकणारच' असं ओरडायला लावलं. आमच्या टीममधला पोशेऱ्याचा सुरेश इतका लाजला की खुर्चीवर उभा राहूनही कमरेत वाकलेला होता. दुसऱ्यांकडे 'क्लोजिंग'च्या सात पायऱ्या होत्या. क्लोजिंग म्हणजे गिऱ्हाइकाचा होकार पक्का करणं. पाचव्या पायरीला मागच्या रांगेत दोघांचे डोळे मिटले. तिसऱ्या विद्या मॅडम. त्यांनी नाशकात वर्षानुवर्षं दारोदार कुकर विकलेले. त्या स्वतः फार बोलल्याच नाहीत, नुसतं विचारत बसल्या. मला वाटलं, या काय शिकवणार?

मी फॉर्म चाळत होतो तेव्हा शेवटचा डेमो संपवून मॅडम बाहेरच्या बाकावर एसटीची वाट बघत बसल्या होत्या. मी सुरेशला आत बोलावून विचारलं, अरे, ते खुर्चीवालेही आवडले तुला?

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सर, एवढे लांबून आलं ते. पाहुण्याला कमी मार्क कसं द्याचं?"

दार उघडंच होतं. मॅडम हसत आत आल्या आणि त्यांनी ऑर्डर बुक मागून घेतलं. पानं उलटत राहिल्या.

"यात तर घरटी ऑर्डर दिसते. नाही म्हणालेला एकही माणूस नाही?"

"एकही नाही," मी अभिमानाने सांगितलं.

"मग तुमची माणसंही तिथे पाहुणीच आहेत, सर. लोक त्यांना चहा देतात, तसा होकारही देतात."

मी जव्हारच्या बाजारपेठेत वाढलेला माणूस. पाड्यावर दारात आलेल्याला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, हे मला नाशिकच्या बाईंनी सांगावं? मनातून चरफडलो, आणि तिथेच त्यांना नक्की केलं.

ट्रेनिंग अगदी साधं निघालं. चहा प्यायचा. यंत्र घरातल्या बाईलाच चालवायला द्यायचं, कारण झोडायचं काम तिचं. मग आपणच म्हणायचं, "नको असेल तर खुशाल नको सांगा, मी रागावणार नाही." पहिल्याच आठवड्यात मोखाड्याहून सुरेशचा फोन आला. आनंद आवाजात मावत नव्हता.

"सर, आज पाच जण नाही बोलले."

मी त्याचं अभिनंदन केलं. ऑफिसात माझ्या डोक्यावर परिणाम झाल्याची चर्चा झाली म्हणे.

ऑर्डर बुक रोडावलं. पण नागली खळ्यावर आली तसा टेम्पो डोंगर उतरताना रिकामा खडखडायला लागला. तोंडावर मिळालेला नकार टेम्पोची एक फेरी वाचवतो, एवढं मला या वयात कळलं.

हंगाम संपल्यावर देसाई साहेबांचा फोन आला. शाखा राहणार होती. मला फार बरं वाटलं. साहेबांनी लगेच पुढच्या वर्षी तिप्पट टार्गेट सांगितलं. एरवी मी 'हो साहेब' म्हणून मोकळा झालो असतो. नोकरीभर तेच करत आलो होतो.

"नाही जमणार, साहेब."

पलीकडून खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"बरं. मग किती जमेल, ते खरं सांग."