चाळणीबाईचा एक नियम

ऑफिसात तिला पाठीमागे चाळणीबाई म्हणत, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत बाहेरून आलेला प्रत्येक ईमेल आधी तिच्या यंत्रातून गाळला जाऊन मगच आत जायचा. लॉटरी लागल्याचे, खातं बंद पडल्याचे, टकलावर केस उगवून देणारे मेल ते यंत्र बाजूला डांबून ठेवायचं. त्या जागेला ती कोठडी म्हणायची. कोठडीतला माल महिनाभराने आपोआप पुसला जायचा, नोंदींसकट. जो मेल चाळणीतून सुटून आत गेला, त्याची प्रत मात्र कायमच्या संग्रहात पडायची, आणि त्या सगळ्याचा बॅकअप शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीत जायचा.

बॅकअप झाल्याची हिरवी खूण पडद्यावर आली तरी तिचा त्यावर काडीचा विश्वास नसायचा. ती अधूनमधून कुणालातरी धरायची. "तुमचा एखादा जुना मेल पुसा बघू. कोणता ते मला सांगू नका," म्हणायची, आणि नंतर तो परत आणून पुढ्यात ठेवायची. माणूस खूश होऊन आभार मानायचा. ती मात्र मनात म्हणायची, हा इतक्या पटकन पुसायला तयार कसा झाला?

घरी आल्यावरही तिच्या हातातली चाळणी काही सुटत नसे. नवरा उशिरा आला आणि "काम होतं" म्हणाला, की ती "कोणतं?" विचारायची. सासूबाईंनी शेजारणीशी दार लोटून गप्पा मारल्या, की हिचे कान टवकारलेच. पण तिचा सगळ्यात जास्त अविश्वास होता धाकट्या दिरावर. तो त्याच कंपनीत लिफ्टचा मेकॅनिक होता, त्याच घरात राहत होता, आणि पक्का थापाड्या होता. "वहिनी, पोचतोच आहे," असं फोनवर म्हणायचा तेव्हा त्याचे बूटसुद्धा पायात नसायचे. थापा मारायच्या त्या अशाच, फुटकळ, कुणाचं न बिघडवणाऱ्या. पण थाप ती थाप, असा तिचा हिशेब होता.

त्यात त्याला एक खोड. रोज सकाळी तो आपल्या खाजगी पत्त्यावरून अख्ख्या ऑफिसला एक फूल पाठवायचा. गुलाब, जास्वंद, कधी नुसतंच दवाने भिजलेलं पान, आणि खाली "शुभ सकाळ, हसत राहा." या फुलांनी त्याचा फोन सारखा भरायचा. भरला की हा पठ्ठ्या पाठवलेलं, आलेलं, सगळं एका झटक्यात पुसून मोकळा व्हायचा. सगळं जपून ठेवणाऱ्या बाईला घरात असा दीर मिळाला, यात दैवाचाच काही डाव असावा अशी तिला शंका होती.

मग एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये घसरून आदळली. आत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. दोराच्या तारा झिजून उसवल्या होत्या, आणि त्या लिफ्टची शेवटची तपासणी दिराने केली होती.

"मी कळवलं होतं," दीर चौकशीत म्हणाला. "दोराचे फोटो काढून मॅनेजरसाहेबांना मेल केला होता. लिफ्ट बंद ठेवायची परवानगी मागितली होती. दुसऱ्या दिवशी माझी बदली दुसऱ्या भागात झाली. मला वाटलं, साहेबांनी बघितलं असेल."

"मला असा कोणताही मेल आलेला नाही," सर्व्हिस मॅनेजर म्हणाले.

दिराच्या फोनमध्ये काहीच नव्हतं. फुलांसाठी जागा करताना तोही मेल गेला होता, असं त्याचं म्हणणं. ऑफिसच्या पत्त्यावरून का नाही पाठवला? पासवर्ड विसरला होता म्हणून खाजगी पत्त्यावरून पाठवला. प्रश्न विचारावा आणि याने खिशातून उत्तर काढावं, असं चाललं होतं. चौकशी करणाऱ्या बाईंनी शेवटी चाळणीबाईला कळवलं: असा मेल आला होता का, शोधून लेखी द्या. मेल सापडला नाही, तर दिराची नोकरी जाणार आणि मोडलेल्या हाडाचं खापर त्याच्या डोक्यावर फुटणार, हे सगळ्यांना कळत होतं.

त्या रात्री सगळे जेवायला बसले.

"तुझ्याच हातात आहे ना सगळं?" सासूबाई म्हणाल्या. "मग बघ की नीट."

"हातात आहे म्हणजे मी तयार करून देऊ का, आई? असेल तर सापडेल."

"वहिनी, आहे तो," दीर म्हणाला. "मी पाठवलाय. तुम्ही शोधा, मिळेलच." तो इतक्या बिनधास्तपणे जेवत होता की तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरं बोलणारा माणूस असा निवांत असतो का?

दुसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः तिच्या खोलीत आले. ते कधी येत नसत. सर्व्हरच्या त्या गारठलेल्या खोलीत कुणीच फार वेळ थांबत नसे. त्यांनी येताना चहा आणला होता.

"काही सापडलं का हो?" ते म्हणाले. "नाही, सहज विचारतोय."

सहज! या माणसाने तो मेल वाचून पुसला असणार, असं तिला लगेच वाटलं. चहाला हात न लावता तिने त्यांच्या मेलपेटीचा सगळा जुना बॅकअप उलगडला. मेल नव्हता. संग्रह चाळला. संग्रहात मॅनेजरनाच काय, तिलाही काही पुसता येत नव्हतं. तिथेही नव्हता. कोठडी तर महिना उलटल्यामुळे रिकामी होऊन गेलेली. म्हणजे मॅनेजर खरं बोलत होते, आणि उरला कोण? "पोचतोच आहे" म्हणणारा.

तिने लेखी दिलं: असा मेल आलेला नाही. एवढ्यावर थांबायला हवं होतं. तेवढंच विचारलं होतं. पण इतक्या वर्षांचा राग बोटांत उतरला आणि तिने पुढे लिहिलं: तो पाठवलाच गेला नसावा.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा दीर भांडला नाही. "असं लिहिलंत?" एवढंच म्हणाला आणि ताटावरून उठला. नवरा रागाने तिच्याकडे बघत राहिला. "मी खोटं लिहू का?" ती ओरडली. तिला कुणी लिही म्हटलं नव्हतं, पण ओरडली.

चौकशीचा निकाल लागायच्या आधीच वर्षातून एकदा होणारी कवायत आली. या कवायतीत ऑफिस जळून खाक झालंय असं धरायचं, आणि दुसऱ्या इमारतीत जाऊन नुसत्या बॅकअपमधून सगळी मेलव्यवस्था पुन्हा उभी करायची. ही तिचीच कल्पना. लोकांनी खूप हसून घेतलं होतं. त्यासाठी ती दर काही महिन्यांनी चाळणीच्या यंत्राचीही संपूर्ण प्रत काढून ठेवायची. रोज फक्त त्याची मांडणी, म्हणजे नियम आणि सेटिंग्ज, जपायची, कारण कोठडीतल्या कचऱ्याचा बॅकअप रोज कोण ठेवणार?

ती दुसऱ्या इमारतीत गेली. धुळीने भरलेलं टेबल पुसलं, जुनी प्रत यंत्रावर चढवली आणि ते चालू केलं. यंत्र जागं झालं ते प्रत काढली त्या दिवशी. त्याला वाटत होतं, अजून तोच दिवस आहे. त्याची कोठडीही त्या दिवशी होती तशीच भरलेली होती.

लॉटरी. केसांचं तेल. गुलाब. जास्वंद. आणि मध्ये एक मेल, मॅनेजरच्या नावाने: "साहेब, दोर गेलाय. फोटो बघा. लिफ्ट बंद ठेवू का? लगेच सांगा."

तिने फोटो उघडला. उसवलेल्या तारा, आणि त्यांच्याकडे दाखवणारं दिराचं काळं तेलकट बोट.

तिला पहिल्यांदा वाटलं, हे कुणीतरी आत घातलंय. तिने वेळ तपासली, मेल आला तो मार्ग तपासला, पुन्हा तपासला. काहीच खोट निघेना. मग तिने मेल का अडवला त्याचं कारण बघितलं. यंत्र प्रत्येक अडवलेल्या मेलसोबत कारण लिहितं. तिथे लिहिलं होतं: हाताने घातलेला नियम. या पत्त्यावरून चित्र आलं, तर कोठडी. कुणालाही सूचना नको. नियम घालणारीचं नाव तिचं होतं.

हळूहळू तिला आठवलं. एका सकाळी तिचा पारा चढलेला असताना समोर सूर्यफूल आलं होतं, "हसत राहा" म्हणत. तिने दात-ओठ खात नियम घातला, बाकीच्या शेकडो नियमांत तो गाडला गेला, आणि ती विसरली. दीर बिचारा रोज फुलं पाठवत राहिला. ऑफिसात एकालाही मिळत नव्हती, आणि त्याला पत्ता नव्हता. त्यातच एका दिवशी त्याने दोर पाठवला होता. यंत्राला फूल काय आणि दोर काय, दोन्ही चित्रंच.

तिने जगातल्या प्रत्येकावर संशय घेतला होता. स्वतःच्या हातावर घ्यायचं तेवढं राहिलं होतं. त्या शिक्षिकेच्या मांडीचं हाड तिच्या डोळ्यांसमोरून हलेना, आणि तिला मनापासून लाज वाटली.

तिने मॅनेजरना फोन करून सगळं सांगितलं.

ते आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, कचऱ्याच्या जुन्या प्रतीत काय होतं, हे कोण विचारणार आहे? तुमचं लेखी तर गेलंय. उगाच तुम्हीच अडकाल. तपासणीचं काही कळलं नाही तेव्हा मीही फोन करून विचारायला हवं होतं, असं म्हणतील. विचार करा."

"तुमची पेटी बघा, साहेब," ती म्हणाली. "मी मेल सोडलाय."

फोन करायच्या आधीच तिने ते यंत्र चालू मेलव्यवस्थेला जोडून तो मेल कोठडीतून मोकळा केला होता. तो त्याच्या मूळ तारखेसह मॅनेजरच्या पेटीत जाऊन पडला होता, आणि जाता जाता त्याची प्रत संग्रहात गेली होती, जिथून कुणालाच काही पुसता येत नाही. मग तिने चौकशीच्या बाईंना नवं लेखी पाठवलं. त्यात नियम कुणी घातला, का घातला, हे सगळं होतं. सूर्यफूलसुद्धा होतं.

दिराची नोकरी राहिली. तिला कडक ताकीद मिळाली आणि चाळणीवर देखरेखीला आणखी एक माणूस नेमला गेला. त्याने पहिल्याच दिवशी तिचे सगळे नियम संशयाने तपासले, आणि तिला ते योग्यच वाटलं. शिक्षिकेला भेटायला ती दवाखान्यात गेली, जे झालं ते सांगितलं. त्यांनी तोंड फिरवलं. तेही तिने, बोलणी ऐकून घ्यावीत तसं, निमूट घेतलं.

घरी ती दिरासमोर उभी राहिली. "भाऊजी, चुकलं माझं. तुम्ही खरं बोलत होतात."

"बरं झालं सापडला," तो म्हणाला. मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही शोधताय म्हटल्यावर मी निवांत होतो. मला वाटलं, तुमच्या हातून काही सुटत नाही."

तिने तो नियम काढून टाकला. दुसऱ्या सकाळी ती लवकर येऊन पेटी उघडून बसली. फूल आलं नाही. त्यानंतरही आलं नाही. मग तिच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. नव्या माणसाने काही नियम घातला असेल. तिने चाळणी तपासली, कोठडी उलटीपालटी केली, संग्रह चाळला, बॅकअपसुद्धा उलगडून पाहिला. कुठेही काही अडकलं नव्हतं. त्याने पाठवलंच नव्हतं.