गिरजाबाईने मारलेले पट्टे

गिरजाबाईला कुणाचं वाईट व्हावं असं जन्मात कधी वाटलं नाही. आपल्याआधी कुणाचं चांगलं होऊ नये, एवढंच तिचं म्हणणं. सांगवीत शेजारणीच्या म्हशीला रेडी झाली आणि हिच्या म्हशीला रेडा, तर ही दोन दिवस धड जेवली नव्हती, असं तिची सासूच सांगायची. पण हाताला उरक असा की तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती. नदीकाठच्या मळ्यात चार बायका मिळून करतील ते खुरपण ही एकटी दुपारपर्यंत उरकायची आणि वर दुसऱ्यांच्या वाफ्यांना नावं ठेवायची.

धाकट्या दिराची बायको केसर घरात आली आणि गिरजाबाईच्या पोटदुखीला कायमचं गिऱ्हाईक मिळालं. केसर कामाला बेतास बात. भाकरी थापली तर एक बाजू जाड, एक पातळ. पण बाई हसरी, आणि माणसं तिला आपोआप चिकटायची. सासू जाड भाकरी कौतुकानं खायची. सासरा शब्दानं कधी कुणाला विचारत नसे, तो केसरला बाजारातून बांगड्या आणायचा. गिरजाबाई चुलीपुढं बसून हे सगळं बघायची आणि जाळ उगाच जास्त करायची.

बासष्टनंतर पिंपरीच्या बाजूला एकेक कंपनी उभी राहू लागली. कामगार आले, चाळी आल्या, आणि चाळींना माळवं लागायला लागलं. तेव्हापासून दोघी जावा मळ्यातली मेथी, वांगी, मुळे घेऊन पिंपरीच्या चौकाजवळ रस्त्याच्या कडेला बसू लागल्या. दहा-बारा वर्षं एकाच बारदानावर. तागडी गिरजाबाईच्या हातात, बोलणं केसरचं. दुपारी एक वाजता दोघींची भाकरी एकाच फडक्यात सुटायची.

केसरला एका गोष्टीची भारी धास्ती होती, ती म्हणजे रस्ता. टेम्पोवाला पहाटे त्यांना पलीकडच्या अंगाला उतरवायचा. मुंबई-पुणे रस्ता तो, ट्रकमागून ट्रक. केसर डोळे मिटायची आणि म्हणायची, ‘जाऊबाई, हात सोडू नका.’ गिरजाबाई तिचं मनगट धरून, शिव्या घालत तिला पलीकडे न्यायची. रोज घालायच्या त्या शिव्या. पण आतून तिला ते मनगट धरणं आवडायचं. केसरचं बाकी काहीच गिरजाबाईवाचून अडत नव्हतं, एवढी एकच गोष्ट अडत होती.

शहात्तर साली नगरपालिकेने चौक सुधारायचा घाट घातला. आदल्या वर्षी शिफ्ट सुटायच्या वेळी दोन माणसं ट्रकखाली गेली होती, आणि चौकाचं रूपही काही पाहण्यासारखं नव्हतं. पाट्या वेड्यावाकड्या, माळवं गटाराच्या काठावर, सायकली कुठंही. मग फुटपाथ झाला, लोखंडी कठडा झाला, दुकानांना एकसारख्या निळ्या पाट्या लागल्या. भाजीवाल्यांना सिमेंटचे ओटे बांधून मिळाले. आणि रस्ता ओलांडायला डांबरावर पांढरे पट्टे आले. पाट्या आणि पट्टे, दोन्ही काम नूरमोहम्मद पेंटरकडे. फळी लावून, दोरी ताणून त्याने सात पट्टे असे मारले की लोक कामधंदा सोडून बघत उभे राहिले.

पहिले चार दिवस त्या पट्ट्यांवर पाय द्यायला कुणी तयार होईना. बायका लुगडं उचलून, रांगोळी चुकवावी तसे टांगा टाकत जायच्या. एक बैलजोडी तर पट्ट्यांपाशी जी थबकली ती गाडीवानाने शेपट्या पिळल्या तरी हलेना. शेवटी हवालदाराने स्वतः त्यावरून चार येरझाऱ्या घातल्या, तेव्हा कुठं माणसांना उमगलं की हे तुडवायसाठीच आहे.

ओटे चिठ्ठ्या टाकून वाटले. केसरला तीन नंबर, पट्टे जिथं संपतात तिथं, अगदी नाकासमोर. गिरजाबाईला एकोणीस. तो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, मोरीच्या पलीकडे, जुन्या चिंचेपाशी वळणावर. पट्ट्यांपासून तिथवर फुटपाथ पोचलाच नव्हता. मोरीवरून जायचं तर ट्रकच्या अंगाला अंग घासून जावं लागे.

आता गंमत बघा. शिफ्ट सुटली की हवालदार हात आडवा करायचा आणि निळ्या कपड्यातली माणसं पट्ट्यांवरून जी सुटायची ती थेट केसरच्या ओट्यावर आदळायची. चारच्या आत तिच्या पाट्या रिकाम्या. आणि इकडे गिरजाबाईची मेथी मान टाकून पडलेली. ती संध्याकाळी घरी जाऊन म्हशीपुढं पडायची. केसर बिचारी गिऱ्हाइकांना सांगायची, माझ्या थोरल्या जाऊबाईंकडं जा, त्यांचं माळवं माझ्यापरीस ताजं. तसं एखादा यायचाही, आणि ‘केसरबाईंनी पाठवलं’ म्हणून सांगायचा. ते ऐकून गिरजाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. केसरचं उष्टं गिऱ्हाईक तिला नको होतं. दुपारी भाकरीला या म्हणून केसरने दोनदा निरोप धाडला. गिऱ्हाईक सोडून कशी येऊ, असं उत्तर गिरजाबाईने पाठवलं, तेव्हा ओट्यासमोर एक कुत्रं सोडून कुणी नव्हतं.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. एका सकाळी टेम्पोतून उतरल्यावर गिरजाबाईने सवयीनं हात पुढं केला, तर केसर म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या जाऊबाई, आता पट्टं हायेत की.’ आणि पाटी डोक्यावर घेऊन पट्ट्यांवरून एकटी चालत गेली. गिरजाबाई हात तसाच धरून उभी होती.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात पट्टे बसले. तिचा हिशोब सरळ होता. गाड्या थांबतात त्या पट्ट्यांमुळे, माणसं येतात ती पट्ट्यांमुळे, आणि केसर तालेवार झाली तीही पट्ट्यांमुळेच. हवालदाराचा आडवा हात तिने मोजलाच नाही. गाडीवाल्याला लांबूनच पट्टे दिसावेत असा तिथला सरळ रस्ता, रस्त्याकडेचा फलक, यातलं काही तिच्या नजरेत आलं नाही. नजरेत होते ते पांढरे सात पट्टे.

तिने बेत केला तो चोरून नाही. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, रस्त्याला वर्दळ कमी. नूरमोहम्मदकडून तिने कुरडया वाळवायच्या म्हणून फळी मागून आणली. तोही भला माणूस, भाभी म्हणून दिली. चुना घरचा, दिवाळीला भिंतींना देतात तो. त्यात डिंक कालवला. भर दहाच्या उन्हात, पदर खोचून, कुंचा घेऊन बाई रस्त्यावर बसली आणि आपल्या ओट्यापासून समोरच्या चाळींच्या बोळापर्यंत पट्टे ओढायला लागली. कुणी हटकलं नाही. रस्त्यावर बसून चुना मारणारी बाई म्हणजे नगरपालिकेचीच असणार, असं ज्याने त्याने धरलं. एका हवालदाराने तर तिच्यासाठी टेम्पो थांबवून धरला. नूरमोहम्मदचे सात होते, हिने नऊ मारले.

आणि पट्टे चालले हो. चाळीतल्या बायकांना एवढा वळसा वाचला. शिफ्ट सुटली की निम्मे कामगार इकडून वळायला लागले. माणसं घोळक्यानं यायची, त्यामुळं ट्रकवाल्यांना थांबावंच लागायचं. गिरजाबाईला वाटलं, आपल्या चुन्याचा जोर. आठवडाभर तिच्या पाट्या साफ रिकाम्या झाल्या. संध्याकाळी टेम्पोत ती मुद्दाम केसरच्या पाटीत डोकावायची. दोन मुळे उरलेले दिसले तर तिला जेवण गोड लागायचं.

पुढच्या शुक्रवारची दुपार. एक वाजलेला, शिफ्ट सुटायला अवकाश, रस्त्यावर घोळका नाही की हवालदार नाही. गिरजाबाईने मान वर केली तर पलीकडे बोळाच्या तोंडाशी केसर उभी. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. दोघींची भाकरी एका फडक्यात सुटून महिना झाला होता, आणि आता पट्टे आले म्हटल्यावर ती आपणहून निघाली होती. तिने फडकं उंच करून दाखवलं आणि हसली. मग खाली बघितलं, पहिल्या पट्ट्यावर पाय ठेवला आणि पट्टे बघत बघत चालू लागली. रस्त्याकडे तिने पाहिलंच नाही. पट्ट्यांवर भीती नसते, हे ती तीन नंबरच्या ओट्यासमोर शिकली होती.

गिरजाबाईला ओरडता आलं असतं. चिंचेआडून येणाऱ्या गाडीचा आवाज तिच्या कानावर आला होता, रोज तिथंच बसणारी बाई ती. पण त्या घटकेला तिच्या मनात दुसरंच होतं. येऊ दे, म्हणाली मनात, येऊन बघू दे माझ्या रिकाम्या पाट्या. एवढा विचार करायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ होता, आणि तो गेला. वळणावरून आलेल्या एका टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला तोवर केसर सहाव्या पट्ट्यावर आडवी झाली होती.

जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली दोन जागी मोडला आणि खुब्याला मार बसला. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की चालेल, पण लंगडत, आणि ओझं कायमचं बंद.

चौकात बोभाटा झाला. ओव्हरसियर नकाशा घेऊन आला, आणि नकाशात त्या जागी पट्टेच नव्हते. मग नूरमोहम्मदला बोलावलं. पट्टे मारणारा गावात तो एकच, फळीही त्याचीच. तो शपथेवर सांगत होता आणि ओव्हरसियर मान हलवत होता. हे गिरजाबाईला कळलं तेव्हा ती सरळ कचेरीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, पट्टे मी मारले. ओव्हरसियरला आधी खरंच वाटेना. तिने रुंदी सांगितली, डिंक सांगितला, नऊ का मारले तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी पट्ट्यांवर डांबर पडलं. तिला पोलिसात द्यायचं का यावर दोन दिवस चर्चा झाली. नूरमोहम्मदच मध्ये पडला, आणि प्रकरण ताकिदीवर मिटलं.

घरी सांगणं मात्र उरलंच होतं. केसरच्या खाटेशी बसून गिरजाबाईने एका दमात सगळं सांगितलं. ओरडले नाही, तेही. केसर छताकडे बघत पडून होती. मग म्हणाली, ‘मला वाटलं, नगरपालिकेनं तुमच्यासाठी बी काढलं. लई बरं वाटलं मला. म्हनलं, आता जाऊबाईंचा बी वटा भरंल.’ एवढं बोलून तिने तोंड भिंतीकडे वळवलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर गिरजाबाईने त्या आनंदानं घेतल्या असत्या.

चार दिवसांनी केसरनेच सांगून धाडलं की तीन नंबरचा ओटा रिकामा ठेवू नका, दुसरं कुणी बसंल. म्हणून गिरजाबाई तिथं बसू लागली. ज्या जागेसाठी जळून जळून एवढं केलं, ती जागा मिळाली. शिफ्ट सुटली, हवालदाराने हात आडवा केला, माणसं पट्ट्यांवरून आली आणि ओट्यापुढं थांबली. मेथी हातात घ्यायच्या आधी पहिल्याने विचारलं, केसरबाई कशा आहेत? दुसऱ्याने तेच. तिसरा म्हणाला, त्यांना सांगा, देसाई विचारत होते. एका म्हाताऱ्याने घेतलेल्या दोन जुड्यांतली एक परत ओट्यावर ठेवली, ती केसरसाठी. खोटं कशाला बोला, गिरजाबाईच्या पोटात तेव्हाही दुखलं. जावेचा पाय आपण मोडला, हे पुरतं ठाऊक असतानाही दुखलं. ती जुडी तिने दुसऱ्याच बाईला विकून टाकली. निरोप एकही घरी पोचवला नाही.

असे पंधरा-वीस दिवस गेले. रोज निरोप यायचे आणि रोज ती ते गिळून टाकायची. खाटेवरची केसर मिटत चालली होती. हसणं गेलं होतं, जेवणावरची वासना उडाली होती. एका संध्याकाळी गिरजाबाई तिच्यापुढं ताट ठेवत होती, तेव्हा केसरने खाली बघत विचारलं, ‘जाऊबाई, मला इचारतं का वो कुनी चौकात?’

नाही म्हटलं असतं तर खपलं असतं. शहानिशा करायला केसर काही चौकात जाणार नव्हती. गिरजाबाईच्या जिभेवर ते ‘न्हाई’ येऊन बसलंही होतं. तिने ताट नीट लावलं, भाकरी पुढं सरकवली, मग खाटेच्या कडेला बसली.

‘समदी इचारत्यात,’ ती म्हणाली. ‘रोज इचारत्यात. देसाई हाय, तो म्हातारा हाय, चाळीतल्या समद्या हायेत. मला कुनीबी इचारत न्हाई, तुलाच इचारत्यात.’

ओव्हरसियरपुढं गुन्हा कबूल करताना तिची जीभ एकदाही अडखळली नव्हती. ही चार वाक्यं सांगताना मात्र तिला दोनदा थांबावं लागलं.