पार्टिशनपलीकडचा रेडिओ

करी रोडच्या आमच्या चाळीत दोन खोल्यांमधलं लाकडी पार्टिशन छतापर्यंत जात नाही. वर हातभर जागा मोकळी सोडलेली आहे, हवेसाठी. त्या जागेतून शेजारच्या काकींच्या फोडणीचा वास आमच्याकडे येतो आणि त्यांचा रेडिओही येतो. काकींना ऐकायला कमी येतं, म्हणून तो मोठा असतो.

शनिवारी सकाळी एका छोट्या केंद्रावर गप्पांचा कार्यक्रम लागतो. एक बाई विषय देतात आणि लोक फोन करतात. भायखळ्याचा माणूस फुटपाथबद्दल तक्रार करतो, शीव कोळीवाड्याची बाई मासळी बाजाराबद्दल. निवडणुकीच्या दिवसांत तर दोघंतिघं एकमेकांवर धावून जातात आणि बाई त्यांना चहा विचारल्यासारख्या शांतपणे थांबवतात. माझे वडील, आबा, तिथे नेमाने फोन करायचे. मिलमध्ये जन्म गेला, घरी बोलणं कमी, पण तिथे मोकळे बोलायचे. बाई त्यांना ‘करी रोडचे आजोबा’ म्हणायच्या. फोन दर वेळी लागत नसे. माझ्या अंदाजाने चार शनिवारांत एकदा.

फोन लागला की जवळपासचा रेडिओ बारीक करावा लागतो, नाहीतर आवाज फिरून परत फोनात शिरतो आणि शिट्टी वाजते. आमचा रेडिओ आबा आधीच बंद करत. काकींच्या रेडिओसाठी ते पार्टिशनवर बोटांनी दोनदा टकटक करत. पलीकडचा आवाज लगेच खाली जाई. फोन संपला की काकी वरच्या जागेतून शेरा मारत, “भावजी, आज लय बोललात. त्या बाईक बोलूक दिलात नाय.” आबा म्हणत, “तुमचा रेडिओ बोलतो तेवढा पुरे.” हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या चाळीच्या मंडळाच्या मूर्तीचं आगमन झालं. ट्रकवर स्पीकरची भिंत होती. खिडकीची तावदानं थरथरत होती. मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप असतं, मी ते गॅलरीत धरलं. सत्त्याण्णव डेसिबल दिसलं. एकदा चूक होऊ शकते म्हणून बायकोच्या मोबाईलवरही मोजलं, तिथे पंच्याण्णव. मंडळाचा अध्यक्ष माझा शाळेतला मित्र. त्याला दोन्ही आकडे दाखवले.

“तुझं मशीन आमच्या मूर्तीचं वजनपण सांगतं काय रे?” तो म्हणाला. पोरं हसली. मीही थोडा हसलो, कारण तो वाईट बोलत नव्हता. पण आकडा आकडाच होता.

पुढच्या शनिवारी रेडिओवर विषय होता, सणातला आवाज. आबांचा फोन लागला. टकटक झाली, काकींचा रेडिओ खाली गेला. आबांनी माझे दोन्ही आकडे बरोबर सांगितले. मग बाईंनी विचारलं, “पण आजोबा, वर्षातून एकदाच येतो ना सण?” यावर आबा म्हणाले, “आमच्या शेजारी काकी आहेत. मोदकांच्या ऑर्डरी घेतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय. त्या दिवशी कानात कापूस घालून बसल्या होत्या बिचाऱ्या. त्यांचं कोण बघणार?”

बाई म्हणाल्या, खरं आहे. फोन संपला. पार्टिशनपलीकडून शेरा आला नाही.

काकींनी ऑपरेशनचं कुणाला सांगितलं नव्हतं. आम्हाला ठाऊक, कारण हॉस्पिटलात मीच नेलं होतं. काका गेल्यापासून मोदकांवर त्यांचा जीव होता. पैसे तर होतेच, पण दादरपासून लालबागपर्यंतच्या घरांत त्यांचे मोदक नैवेद्याला लागतात याचा मान मोठा होता. करी रोड, मोदकवाल्या काकी, एवढं ऐकल्यावर नाव सांगायची गरज कुणाला? सोमवारपासून त्यांचा मोबाईल वाजायला लागला. सगळे प्रेमाने बोलत होते. “काकी, या वर्षी आराम करा हं. आम्ही दुकानातून आणू.” माझ्या बायकोला त्यांनी सांगितलं, दहा घरांपैकी सात घरांनी असं प्रेम केलं.

आबा त्यांच्या दारात गेले. मी मागे उभा होतो. काकी तांदळाची पिठी चाळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“माका इचारलात?” त्या म्हणाल्या. “माझा काळीज माझा आसा. तुमी ता मुंबयभर केलात.”

“मी तुमच्या भल्यासाठी बोललो.”

“सगळीच माझ्या भल्यासाठी बोलतत. त्येंचो स्पीकर बरो. तो निदान माझा नाव घेणा नाय.”

आबा तसेच परत आले. मी त्यांना सुचवलं की पुढच्या शनिवारी फोन करून सांगा, काकी ठणठणीत आहेत, मोदक चालू आहेत. ते म्हणाले, “पुन्हा तिच्यावरच बोलू? तिला न विचारता?” त्या गणपतीत काकींनी तीन घरांचे मोदक केले. आमच्याकडे दरवर्षी यायचे, ते आले नाहीत. अध्यक्षाने मला जिन्यात गाठलं. “बघ, आवाज आमचा मोठा, पण लागला कुणाचा?” तो म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता.

विसर्जनानंतर दोन शनिवार आबांनी फोन केला नाही. तिसऱ्या शनिवारी विषय होता महापालिकेच्या मराठी शाळा. आबा ज्या शाळेत चौथीपर्यंत शिकले ती बंद होणार होती. त्यांनी फोन लावला आणि पहिल्याच खेपेला लागला. आमचा रेडिओ बंद होता.

“करी रोडचे आजोबा! बऱ्याच दिवसांनी,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पार्टिशनवरून आमच्या खोलीत उतरला. शिट्टी सुरू झाली.

आबांनी पार्टिशनवर दोनदा टकटक केली. थांबले. पुन्हा दोनदा केली. आवाज खाली गेला नाही. काकींना ऐकू आलं नसेल, हेही शक्य आहे. पण इतकी वर्षं येत होतं.

“आजोबा, तुमचा रेडिओ जरा बारीक करता का? काही कळत नाहीये.”

मी हातानेच खुणावलं, सांगा त्यांना, शेजारचा आहे. आबांनी मान हलवली. नाही.

“हो, करतो,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यांचा ‘करतो’ वरच्या जागेतून आमच्याकडे परत आला. त्यापाठोपाठ बाईंचा आवाज, “आजोबांची लाइन कट झाली वाटतं.” मग पलीकडे काकींची पाटावरून उठल्याची हालचाल झाली आणि रेडिओ बारीक झाला. इतका बारीक, की पुढचा माणूस कुठून बोलतोय तेही आम्हाला कळलं नाही. आबा बंद फोन मांडीवर घेऊन पार्टिशनकडे बघत बसले होते.

आता दर शनिवारी कार्यक्रमाच्या वेळेला काकींचा रेडिओ तेवढाच बारीक असतो, टकटक न करता. त्यांना स्वतःला काही ऐकू येत असेल असं वाटत नाही. आबा फोनला हात लावत नाहीत.