नागनाथने पाहिलेलं एडिंबरा

सुरतेतल्या पांडेसऱ्यात, यंत्रमागांच्या लूमखात्यात जन्म काढलेल्या माणसाचा आवाज कसा असतो, हे नागनाथला भेटल्यावर कळतं. तो साधं 'चहा टाक' म्हणाला तरी शेजारच्या शोभाला वाटतं, यांच्याकडे भांडण पेटलं. दोष त्याचा नाही. खात्यात यंत्रांचा खडखडाटच असा, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी उपयोग शून्य. तिथे सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. इतक्या वर्षांत नागनाथचे कान अर्धे गेले, पण दुरूनही कोण काय म्हणालं ते त्याला बरोबर कळतं.

त्याची लेक विशाखा गेल्या वर्षी शिकायला स्कॉटलंडात, एडिंबराला गेली. वस्तीतल्या विहारात तिचा सत्कार झाला, बापाने छाती फुगवून फोटो काढून घेतले. आणि ऐन थंडीत तिचा रडत फोन आला, "बाबा, नाही करमत इथे. परत येऊ?"

"जरा दम धर, बेटा," नागनाथ म्हणाला.

तिने दम धरला. त्यानंतर ती एकदाही रडली नाही. विचारावं तेव्हा 'मी मजेत'. या 'मजेत'नेच बापाची झोप उडवली. रडणाऱ्या पोरीचं दुःख निदान ऐकू तरी येतं. आपण दम धर म्हणालो म्हणून तिने रडायचंच बंद केलं की काय, ही धास्ती त्याने बायकोला, अंजनाबाईलाही सांगितली नव्हती.

मग एका रविवारी दुपारी विशाखाचा व्हिडिओ कॉल आला. "आज तुम्हाला माझं शहर फिरवते!"

अंजनाबाईने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि पुढ्यात मांडी ठोकली. खडकावरचा किल्ला आला, दगडी घरांचा उतरता रस्ता आला, चौकात पोटाशी पिशवी धरून वाजवणारा एक उंच माणूस आला.

"अगं बाई, हा बाप्या घागरा घालून काहून उभा?"

"आई, तो त्यांचा मानाचा पोशाख आहे."

"मग चांगला हाये. इस्त्री बी कडक हाये."

नागनाथचं किल्ल्याकडे लक्ष नव्हतं. "तिला म्हण, फोन तोंडाकडं कर."

"तोंड रोजच पाहता. किल्ला पहा जरा!" अंजनाबाई डाफरली.

पण तो लेकीचं तोंडच बघत राहिला. गाल बसलेत का? हसते ती खरंच हसते, की आपल्याला दाखवायला?

शेवटी विशाखा मैत्रिणीबरोबर शहरामागच्या टेकडीवर चढली. ही दीप्ती, नाशिकची, तिच्याच खोलीत राहणारी. वर वारा असा सुटला होता, की फोनमधून नुसता घोंघाट यायला लागला. अंजनाबाईने हॅलो हॅलो करून घसा बसवला. "काईच ऐकू येत नाई!" म्हणून तिने कानाजवळ हात हलवला.

विशाखाने मान डोलावली आणि फोन तसाच धरून बाजूच्या दीप्तीशी बोलू लागली. वाऱ्यात ओरडावं लागत होतं, त्यामुळे तिचे ओठ चांगले मोठे उघडत होते.

नागनाथ सरसावून बसला. हे तर त्याचं रोजचंच काम.

ती म्हणत होती, "तेव्हा मी बॅग भरून ठेवली होती गं. रोज तिच्याकडे बघत झोपायचे. काल रिकामी केली. आता बाबा ये म्हणाले तरी मी डिग्री घेतल्याशिवाय हलणार नाही." आणि हसली. बापाला दाखवायला नव्हे. बाप बघतोय, हे तिच्या ध्यानातच नव्हतं.

नागनाथच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याने फोन उचलून जवळ धरला, ती पुन्हा फोनकडे वळताच आवाज न काढता, खात्यात बोलायचा तसा एकेक शब्द सावकाश उच्चारला, "बॅग कपाटावर टाक."

पोरगी थिजली. लहानपणी बापाचा डबा घेऊन ती त्याच खात्यात जायची. बापाचे ओठ तिलाही वाचता येत होते. तिने तोंडावर हात घेतला. डोळे भरले, आणि रडतारडता ती पुन्हा हसली. मग तिनेही नुसते ओठ हलवले, "आईला सांगू नका."

"काय म्हणते?" अंजनाबाईने विचारलं.

"वारा लय हाये म्हणते," नागनाथ म्हणाला, तेही इतक्या हळू, की अंजनाबाईला पुन्हा विचारावं लागलं.