सव्वा मूठ गहू

बाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांना मिशी होती. आमच्या स्त्रियांच्या संगीत मंडळीत मी नव्यानेच दाखल झाले होते. मालकीणबाईंनी मला रंगपटात नेले आणि आरशासमोर बसलेल्या एका भरदार पुरुषाकडे बोट दाखवून, "हे तुझे महाराज, पाया पड," असे सांगितले. मी घाबरून दोन पावले मागे सरले. स्त्रियांच्या मंडळीत हा गृहस्थ आला कोठून, हे मला कळेना. तेव्हा त्या पुरुषाने ओठावरची मिशी उचकटली, गिरमिटासारखे पीळ देऊन ती डबीत ठेवली आणि म्हटले, "ये गं, बस. जेवलीस का?" सोनूबाई रनाळकर या नावाशी माझा परिचय झाला तो असा. त्यानंतर मंडळीचा पडदा कायमचा पडेपर्यंत मी त्यांची राणी, प्रेयसी, रुसलेली पत्नी आणि एकदोनदा शाप दिलेली अप्सराही होते. आज बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहिण्याचा मान मला मिळाला आहे. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्ये म्हटलेली मी बाई. माझी स्वतःची वाक्ये अडखळली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

बाईंच्या कामाविषयी बोलायचे तर सुरुवात कोठून करावी हाच प्रश्न पडतो. त्या राजा होत, संत होत, चिक्कू सावकार होत, आणि नायिकेची सासू आजारी पडली तर तासाभरात लुगडे नेसून सासूही होत. एकाच गळ्यातून त्या राजाचे पद भारदस्त, खालच्या सुरात म्हणत आणि दुसऱ्या दिवशी त्याच गळ्यातून परित्यक्तेचे पद असे म्हणत, की विंगेत उभ्या असलेल्या आम्हीच डोळे पुसत असू. पहाटेचा रियाज त्यांनी प्रवासातही चुकवला नाही. गाडीच्या डब्यात शेजारच्या बायका कुरकुरल्या, तर त्या खिडकीबाहेर तोंड काढून गात. कोळशाचे कण डोळ्यांत जात, ते मी पदराने काढत असे.

मात्र एका गोष्टीवरून त्यांच्यावर नेहमी टीका झाली, आणि ती गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. बाईंचा राजा चाले तो जरा निराळाच. डावा हात पाठीवर टेकवलेला, मान किंचित पुढे, उजवा पाय टाकताना अगदी थोडा ओढलेला, आणि चारदोन पावले टाकली की थांबून इकडेतिकडे नजर फिरवायची. पुण्याच्या एका टीकाकारांनी लिहिले की रनाळकरबाईंचा सम्राट सिंहासनाकडे जातो, की पाणी नीट वळले आहे का ते पाहायला बांधावर जातो, हेच समजत नाही. मालकीणबाई चिडल्या. त्यांनी बाईंना बोलावून छाती पुढे काढून चालायला सांगितले. इतर कोणतीही सूचना मान खाली घालून ऐकणाऱ्या बाई त्या दिवशी म्हणाल्या, "मला भूमिका नका देऊ, मी कोरसात उभी राहीन. पण राजा केला तर तो असाच चालेल." त्यांनी कारण सांगितले नाही, आणि त्यांच्यावाचून मंडळीचे अडत होते, म्हणून मालकीणबाईंनी आग्रह सोडला. मलाही ते कारण पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते.

दुसरी एक गोष्ट मात्र ठाऊक होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी, मंडळी कोठल्याही गावी असो, बाई गव्हाचा घास घेत नसत. आमची स्वयंपाकीण तोंड वेडावे, पण बाई भाकरी मागून घेत. मी फार मागे लागले तेव्हा त्यांनी सांगितले. त्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. देवीच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू काढतात, तो दळतात आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. ते रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे. परक्याला कणही द्यायचा नाही. सासरी गेलेली लेक परक्या कुळाची, म्हणून तिलाही नाही. "माझं लग्नच झालं नाही, चंद्रा," बाई म्हणाल्या, "म्हणजे मी अजून त्याच कुळातली. पण मला तिथे पान नाही. मग दुसऱ्यांचा गहू कशाला खाऊ?" वडील वारल्यावर थोरल्या भावाने त्यांचे लग्न ठरवले होते. ते ठरलेले लग्न टाकून बाई मंडळीबरोबर निघून आल्या होत्या. पाटलांच्या घरातली मुलगी नाटकात गेली म्हणताना भावाने गावासमोर सांगून टाकले, "आमले बहीण नही." बाईंनी उलट उत्तर कधी पाठवले नाही. फक्त आडनावाच्या जागी गावाचे नाव लावले आणि ते हस्तपत्रिकांवरून गावोगाव नेले. पुन्हा त्या घरचा रोट खायला मिळावा, एवढी एकच इच्छा त्यांनी माझ्यापाशी बोलून दाखवली होती. बिदागी, पदके, वन्स मोअर, सगळे त्यांना मिळाले. पण त्या इच्छेपुढे यातले काही त्यांना मोठे वाटत नसे.

आणि एका पावसाळ्यात आमचा मुक्काम पडला तो नंदुरबारला. रनाळे तेथून बैलगाडीच्या वाटेवर. मुक्काम ठरला त्या दिवसापासून बाईंचे जेवण कमी झाले.

थिएटर म्हणून एका मारवाडी शेठजींनी मिरचीचे रिकामे गोदाम दिले होते. शेठजी हौशी आणि सज्जन. "बाईसाब, गोदाम तो धुलवा दिया," ते हात जोडून म्हणाले, "पण मिरची आहे ती, जाता जाता जाणार!" ती गेली नाही. बत्त्या पेटून पत्रा तापला की कोनाकोपऱ्यातला तिखट धुरळा वर उठे आणि राजापासून द्वारपालापर्यंत सगळे शिंकत. पहिल्याच खेळात, ऐन विरहाच्या पदात माझा घसा बसला. तोंड उघडे, पण सूर नाही. अशा वेळी नटीला धरणी दुभंगावी असे वाटते. तेवढ्यात सिंहासनावरून महाराज उठले, आपल्या त्या बांधावरच्या चालीने माझ्याजवळ आले, माझी हनुवटी वर केली आणि माझेच पद, माझ्याच सुरात, जणू राणीच्या मनातले वाचत आहोत असे म्हणू लागले. लोकांनी वन्स मोअर दिला. नाटकात ती जागा मुळात तशीच असावी असे सर्वांना वाटले. माझी फजिती झाली हे आजवर कोणाला ठाऊक नव्हते. आज मीच सांगते आहे. बाईंनी कधीही, थट्टेतसुद्धा, त्याचा उल्लेख केला नाही.

पुढच्या आठवड्यात मालकीणबाईंनी फक्त स्त्रियांसाठी दुपारचा खेळ लावला. आसपासच्या गावांतून गाड्या भरभरून बायका आल्या. पडदा उघडण्यापूर्वी बाईंनी भोकातून बाहेर पाहिले आणि माझा हात घट्ट धरला. दुसऱ्या रांगेत साधे फिक्या रंगाचे लुगडे नेसलेली, कुंकवाविना कपाळ मोकळे असलेली एक म्हातारी बसली होती. "माझी आई," बाई एवढेच म्हणाल्या. गाडी हाकत भाऊही आला होता, पण पुरुषांना आत मज्जाव म्हणून तो बाहेर बैलांपाशी थांबला होता.

म्हातारीने मुलीला ओळखले नाही. ओळखणार कशी? पुढ्यात मिशीवाला, फेटेवाला राजा होता. पण महाराज चालू लागले, डावा हात पाठीवर गेला, उजवा पाय जरासा ओढला गेला, आणि मी रंगमंचावरून स्पष्ट पाहिले, की म्हातारी ताडकन सरळ बसली आणि तिने पदर ओढून कपाळ झाकले. नवरा समोर आला की त्या घरच्या बायका ओढतात तसा. तिच्या आजूबाजूच्या रनाळ्याच्या बायकांनी आधी तिच्याकडे पाहिले, मग राजाकडे, आणि त्यांतल्या चार म्हाताऱ्यांनीही एकामागून एक पदर पुढे घेतले. सबंध रांगेत कुजबुज थांबली. म्हातारीचा आवाज मात्र मला ऐकू आला. "हाई चाल मन्हा घरनी शे," ती म्हणाली.

तेव्हा मला सगळा उलगडा झाला. पुण्याचे टीकाकार चुकले नव्हते. राजा खरोखरच बांधावर चालला होता. बाईंनी घर सोडताना तेथून एकच वस्तू उचलून आणली होती, आणि ती म्हणजे वडिलांचे चालणे. प्रत्येक राजात, प्रत्येक संतात त्यांनी ते जपून ठेवले होते. त्या दिवशी पुढचे वाक्य माझे होते आणि ते मला आठवेना. बाईंच्या डोळ्यांत पाणी होते, पण पाऊल चुकले नाही.

खेळ संपल्यावर बाई तोंड धुवून, साधे लुगडे नेसून बाहेर धावल्या. गाडी जोडलेली होती. आई पदर तसाच ठेवून बसली होती आणि भावाला सांगत होती, "आज तुन्हा बापले देखं मी." भावाने बाईंकडे पाहिले, बैलांना हाकारले आणि गाडी निघून गेली. मला त्या माणसाचा इतका राग आला की मी बोलू नये ते बोलले. बाई म्हणाल्या, "असू दे. आईने पाहिलं ना."

नागपंचमी आली. त्यानंतर एका सकाळी आम्ही तालमीला बसलो असताना गोदामाच्या दारात भाऊ उभा. जोडे काढून ठेवलेले, फेटा काखेत. बाई उठून उभ्या राहिल्या. तो त्यांच्याकडे न पाहता म्हणाला, "रोटना गहू काढाना शेतस. चाल."

बाई म्हणाल्या, "दादा, मूठ तर मानसेसनी ऱ्हास."

"माले माहित शे," भाऊ म्हणाला. "बा गया तवयपाईन त्यानी मूठ कोनी भरी नही. ती आते तुन्ही."

एवढे बोलून तो मोठा धिप्पाड माणूस दाराच्या चौकटीला डोके टेकून लहान मुलासारखा रडला. तालीम त्या दिवशी पुढे झाली नाही.

रविवारी बाईंबरोबर मीही रनाळ्याला गेले. पाने वाढली तेव्हा आईने माझ्याकडे पाहून विचारले, "हाई राजानी राणी ना? मंग मन्ही वहूच शे. वाढ तिले." भावाने रोटाला हात घातला. तोच बाईंनी त्याला थांबवले. "नको, आई. या नियमामुळे मी इतकी वर्षं बाहेर राहिले. आज तो नाटकासाठी मोडला, तर माझ्या मुठीला काय अर्थ?" मी मुळीच रुसले नाही, हे येथे नमूद करते, थट्टेत मात्र आजही रुसते. नंतर बाईंनी माझ्यासाठी वेगळ्या पिठाच्या पुऱ्या स्वतः तळल्या आणि मी उठेपर्यंत समोर बसून राहिल्या.

बोलपट आले, मंडळी मोडली, आम्ही पांगलो. आई गेली. बाई आता नंदुरबारला राहून मुलींना गाणे शिकवतात. या उन्हाळ्यात मी त्यांना भेटले. गुडघ्याने त्यांचा उजवा पाय खरोखरच ओढला जातो, डावा हात आपोआप पाठीवर जातो. आता त्यासाठी त्यांना अभिनय करावा लागत नाही.

बाईंनी शंभरी पाहावी, गळा असाच स्वच्छ राहावा, शिष्यांच्या यशाने त्यांचे घर भरावे, अशी माझी आणि आम्हा सर्वांची प्रार्थना आहे. पण मोठमोठी मागणी मागून देवीला कोड्यात कशाला टाका? मी कानबाईपाशी एवढेच मागते, की पुष्कळ पुष्कळ श्रावण रनाळ्याच्या त्या घरात सुपापाशी पुरुषांच्या ओळीत माझे महाराज उभे असोत, त्यांची सव्वा मूठ गहू सुपात पडो, आणि दूर उंबऱ्याबाहेर त्यांची उपाशी राणी पुऱ्यांची वाट पाहत बसलेली असो.