पोळ्यांचं संगनमत

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवते, आणि त्या विषयाची सुरुवातच अशी होते की माणूस जे करतो ते स्वतःच्या फायद्यासाठी करतो. दुकानदार गोड बोलला तर का बोलला ते बघा. वस्तू स्वस्त मिळाली तर का मिळाली ते बघा. फुकट मिळाली तर पळा. मुलं हसतात आणि लिहून घेतात. मी मात्र हा धडा कॉलेजात ठेवून घरी येऊ शकत नाही. रिक्षावाला मीटरने यायला लगेच तयार झाला की मला घरी पोचेपर्यंत चैन पडत नाही.

अशा बाईला मैत्रिणी फार नसतात. मला एकच आहे. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत, आमच्या अगदी समोरच्या दारात ती आणि तिचे वडील राहतात. तिने लग्न केलं नाही. वडिलांना आता नीट दिसत नाही, त्यांचं सगळं तीच बघते. रोज दुपारी चारला मी तिच्याकडे चहाला जायचे. ती बोलायची आणि मी ऐकायचे. तिच्या बाबतीत मी माझा धडा बाजूला ठेवत असे. ती जे सांगेल ते खरं धरायचं, पुढे काही शोधायचं नाही, एवढी एकच चैन मी आयुष्यात केली. ती गेली असती तर मला दुसरी परवडणारी नव्हती.

आमच्या इमारतीत बहुतेक घरांत पोळ्या करायला एकच बाई येते, कात्रजहून, बसने. दर माणशी, महिन्याचा. पण हा दर प्रत्येक घरी वेगळा, आणि कोणाकडे किती हे कोणी कोणाला सांगत नसे. दिवाळीनंतर बाईने एका घरी दर वाढवून घेतला आणि तोच आकडा सगळीकडे सांगायला सुरुवात केली. मग बायकांची गच्चीवर बैठक भरली. पुण्यात लोक भांडायच्या आधी बैठक घेतात. कॉफी होती, चिवडा होता, आणि आवाज कोणाचाही चढला नाही.

समोरचीनेच तोडगा सुचवला. "सगळ्यांनी एकच दर द्यायचा. गुपचूप वरचे कोणी द्यायचे नाहीत. एकीने दिले की दुसरीची पंचाईत होते."

सगळ्यांना पटलं. मग माझ्याकडे बघून कोणीतरी म्हणालं, "तुम्ही अर्थशास्त्र शिकवता. बरोबर आहे ना?"

"याला आमच्यात संगनमत म्हणतात," मी म्हटलं. "मोठे व्यापारी मिळून भाव ठरवतात, तेच आपण पोळ्यांचं करतोय. हे टिकत नाही. कारण बाकीच्यांनी पाळायचं आणि आपण गुपचूप मोडायचं, यातच प्रत्येकाचा फायदा असतो."

"पण आपल्यात कोण मोडणार?" समोरचीने विचारलं. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. सगळ्या हसल्या, मीही हसले. बाईला या बैठकीला कोणी बोलावलं नव्हतं, तिला दुसऱ्या दिवशी दर नुसता कळवण्यात आला.

त्या दिवसापासून मी कान टवकारून बसले. कोणीतरी मोडणार याची मला खात्री होती, प्रश्न कोण एवढाच होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे अचानक पाहुणे वाढले आणि तरी पोळ्या पुरायच्या, हे मला खटकलं. वरच्या सूनबाई आमच्या बाईला जिन्यात 'मावशी' म्हणायला लागल्या, तेही खटकलं. आदल्या महिन्यापर्यंत तिला 'ए बाई' होतं.

पण खरा धक्का समोरून बसला. माझं कॉलेज सकाळचं. मी निघते तेव्हा बाहेर अजून पुरतं उजाडलेलंही नसतं, आणि बाई आमच्याकडे त्यानंतर बऱ्याच वेळाने येते. दार नवरा उघडतो, तो निवृत्त आहे. बाई रविवारी येत नाही, त्यामुळे तिची माझी गाठ क्वचितच पडते. आणि एका सकाळी चपला घालताना मला समोरच्या बंद दारातून लाटण्याचा आवाज आला. पाठोपाठ तव्यावरच्या पोळीचा वास. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज तेच.

याचा अर्थ लावायला पदवी लागत नाही. बाई पहिल्या बसने येऊन सगळ्यांच्या आधी समोर जाते. सगळ्यांच्या आधी जाते म्हणजे तिथे तिला जास्त मिळतं. आणि जास्त द्यायचं नाही हे ठरवणारी कोण, तर हीच.

मी आडून विचारलं, "तुझ्याकडे पोळ्यांचं कसं चाललंय?"

"चाललंय गं," ती म्हणाली आणि विषय बदलला. ती विषय बदलणारी बाई नव्हे. मग तिने चारचा चहाही बंद केला. चारला जरा काम असतं म्हणाली. कसलं काम, ते सांगितलं नाही. बोलताना उजवा हात पदराखाली धरलेला. मी त्या हाताकडे बघत राहिले आणि मला वाटलं, हिच्याकडे लपवायला काहीतरी आहे. तेवढं एक मला बरोबर कळलं होतं.

मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. त्या आठवड्यात वर्गात मी संगनमताचा धडा फारच रंगवून शिकवला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅम, बट सपोज सगळ्यांनीच प्रॉमिस पाळलं तर?"

"परीक्षेत असं लिहिलंस तर मार्क मिळणार नाहीत," मी म्हटलं. वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही, तिने खरंच तसं वहीत लिहून घेतलं.

शनिवारी समोरची जिन्यात भेटली. मला राहवलं नाही. "आमच्याआधी गरम पोळ्या खायला मिळतात म्हणे काही लोकांना," मी म्हटलं. "नशीब लागतं. किंवा दुसरं काहीतरी लागतं."

ती पायरीवर थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "कोणाकडे बघून बोलतेयस तू?" उत्तराची वाट न बघता ती आत गेली आणि दार लावलं.

जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं, पुराव्यासकट. वाढदिवसाची भेटसुद्धा आधी हलवून बघणारी बाई मी, मुद्दे माझ्याकडे भरपूर होते. तो शांतपणे जेवत होता. माझं संपल्यावर तो पाणी प्यायला.

"ती नाही देत," तो म्हणाला. "मी देतो."

मला आधी कळेचना. मग त्याने सांगितलं. नवीन दर कळल्यावर बाई दारातच म्हणाली होती, "सायेब, येवढ्यात जमत न्हाई मला. काही घरं सोडावी लागतील." याच्या दातांचं काम चाललेलं. "मला चामट पोळी चाववत नाही, आणि हिच्या मऊ असतात. मी म्हटलं, घे वरचे, फक्त मॅडमना बोलू नको." पुढे पार्किंगमध्ये गाडी पुसताना हे त्याने तिसऱ्या मजल्यावरच्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, मीही देतोय. वरचेही देत होते. गच्चीवर बायकांनी जे ठरवलं, ते त्यांच्या नवऱ्यांनी खाली पार्किंगमध्ये मोडून टाकलं होतं. त्यांनी बैठक घेतली नाही, कॉफी केली नाही, आणि त्यांचं टिकलं.

"आणि समोर?"

"बाईच सांगत होती, समोर वरचे मागितले तर ती म्हणाली, ठरलंय ना आपलं. मग बाईने ते घर सोडलं. वेळ जमत नाही म्हणून सांगितलं."

समोरच्या घरात गुपचूप वरचे देणारं दुसरं माणूसच नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडले.

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला. "आणि सांगितलं असतं तर तू ते वर्गात शिकवलं असतंस."

मी ताटावरून उठले. इतका संताप मला क्वचित आला असेल, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. याच्यावर काढला असता, पण पोळ्या मीही खाल्ल्या होत्या. मऊ होत्या. का मऊ आहेत, एवढं एक मी विचारलं नव्हतं.

समोरचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला. ते मनगट पूर्वी एकदा मोडलं होतं आणि नंतर कधीच धड बसलं नाही, हे मला माहीत होतं. डाव्या हाताने लाटण्यावर भार द्यायचा, उजव्याने नुसतं वळवायचं, असं तिचं चाललं होतं. वडिलांना शिळं चालत नाही, म्हणून सकाळच्या उजाडायच्या आधीपासून करायच्या आणि चार वाजल्यापासून परत रात्रीची तयारी. एक पोळी व्हायला खूप वेळ लागत होता.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. आज हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारत होते.

"मीच सुचवलेलं. मग मीच कशी रडू? आणि तिला वेळ जमत नसेल, तर त्याला कोण काय करणार?"

मी तिला सांगितलं. नवऱ्याचं, तिसऱ्या मजल्याचं, वरच्यांचं, सगळं. तिने गॅस बारीक केला.

"सगळेच देतात?"

"सगळेच."

"आणि तू जिन्यात मला म्हणालीस."

"हो."

तिने लाटणं बाजूला ठेवलं. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मग तिने मान वर केली.

"तुझा नवरा देतोय, हे तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं गं. शपथ."

"खरं सांगतेस?"

इतक्या वर्षांत तिने मला हे कधी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. तिने पोळी उलटली.

बाई आता समोरही जाते. तिचा दर सगळ्यांनी उघडपणे वाढवला, त्यासाठी बैठक लागली नाही. चहाही परत सुरू झाला आहे. ती बोलते, हसते, वडिलांचे किस्से सांगते. फक्त मी काही सांगितलं की ती उत्तर द्यायच्या आधी जराशी थांबते. दुसऱ्या कोणाच्या लक्षात यायचं नाही, एवढंच थांबते. माझ्या येतं. माणसाचं बोलणं खरं की खोटं हे तोलायला तेवढाच वेळ लागतो, आणि आमच्या दोघींत हे आजवर फक्त मला येत होतं.