आमच्या प्लॉटवरचा ताग

चार घरांत मिळून एकच खुरपं असलं की किस्से साठवावे लागत नाहीत, आपले आपण साठतात. मी शाळेत भूगोल शिकवते. स्टाफरूममध्ये डबा उघडला की कुणीतरी विचारतंच, "बाई, प्लॉटवर नवीन काय?" आणि माझी पोळी गार होते!

आमची कॉलनी कोल्हापुरातनं कागलकडे जाताना रस्त्याच्या आत आहे. मध्ये एक मोकळा प्लॉट. तिथं भाजीपाला लावायचा असं आम्ही चार घरांनी ठरवलं आणि सोसायटीच्या सभेत मागणी केली. चेअरमन शिंदे साहेबांना तिथं पार्किंग हवं होतं. बराच आरडाओरडा झाल्यावर ते म्हणाले, "दोन वर्षं देतो. दोन वर्षांनी सभा प्लॉटवरच घेऊ. बाग दिसली तर बाग, न्हाय दिसली तर पार्किंग!"

लागली की पैज!

* * *

पहिल्या दिवशी कुदळ मारली तर ठणकन आवाज आला. मी ऐटीत सांगून टाकलं, "ही बहुतेक जांभी मृदा असावी."

शेजारचे आप्पा खाली वाकून उकरत होते. आप्पा मूळचे कोडोलीचे, सगळा जन्म रानात गेलेला. गुडघे कुरकुरायला लागल्यावर मुलाकडे फ्लॅटमध्ये राहायला आले आणि पहिल्या आठवड्यातच बाल्कनीला कंटाळले. त्यांनी जमिनीतनं एकेक वस्तू बाहेर काढली. अर्धी वीट, सिमेंटचा गड्डा, एका पायातली चप्पल आणि शेवटी बाथरूमच्या फरशीचा निळा तुकडा. तो माझ्यासमोर धरून म्हणाले, "बाई, तुमच्या पुस्तकात ह्या मातीला काय म्हंत्यात?"

त्या दिवसापासून मी प्लॉटवर भूगोल शिकवणं बंद केलं.

* * *

राडारोडा काढून झाल्यावर आप्पांनी जाहीर केलं, "जिमीन मेल्याली न्हाय, उपाशी हाय. हिला आदी जेवाय घालायचं. ताग पेरायचा, फुलावर आला की कापायचा आन् हितंच गाडायचा."

निकम वहिनी तोवर टोमॅटोची रोपं घेऊन हजर झाल्या होत्या. त्यांनी हिशेब मांडला, "म्हणजे पेरायचं आम्ही, पाणी आम्ही घालायचं, आणि वाढल्यावर पुरायचं? मग खायचं काय?"

"ह्या बारीला जिमीन खाणार. तुमी मंडईतनं आणा!"

ताग असा वाढला म्हणता! डोक्याच्या वर गेला आणि एके सकाळी पिवळ्या फुलांनी नुसता पेटला. आप्पा विळा घेऊन आले तर आम्ही सगळे आडवे आलो. निकम वहिनींना साडी नेसून फोटो काढायचा होता. आमच्यातल्या चौथ्या घराचे, जाधव वकिलांचे, बेळगावचे पाहुणे रविवारी येणार होते, त्यांना दाखवायचा होता. मीसुद्धा तीन वेळा स्टेटस बदललं, खोटं कशाला बोलू? असं करता करता पंधरा दिवस गेले.

मग आप्पांनी विळा चालवला. चालेना! ताटं लाकडासारखी झाली होती. तागाचे दोर करतात हे आम्हाला पाठ्यपुस्तकातलं माहीत होतं, प्रत्यक्षात विळ्याखाली तेव्हा कळलं. आप्पांनी विळा टाकला, कमरेवर हात ठेवले आणि गरजले, "आता ह्येचं दावं वळा आन् मलाच बांधून घाला!"

असलं जून लाकूड जमिनीत कुजायला किती महिने घेतं ते आम्ही भोगलं. आप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नियम निघाला: प्लॉटवर येताना फोन घरी ठेवायचा.

* * *

हिवाळ्याच्या तोंडाला एका सकाळी बेल वाजली. दारात आप्पा, हातात पाव किलो जिलेबीची पुडी, चेहरा नुसता फुललेला.

"काय झालं आप्पा? नातू पास झाला?"

"त्यो व्हईल सावकाश. गांडूळ घावलं बाई, गांडूळ! जिमिनीत आपल्या पायानं आलंय!"

गांडुळाला पाय नसतात हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. आप्पा सगळ्या कॉलनीत फिरले. चेअरमनांनी जिलेबी तोंडात टाकल्यावर विचारलं, "कशाबद्दल हो?" आप्पांनी सांगितलं. चेअरमन चावायचे थांबले, जिलेबीकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं.

"बरं," ते म्हणाले, "अजून एक द्या."

* * *

सगळ्यात मोठं भांडण फेरपालटाचं. चार वाफे, चार घरं. नळाजवळचा पहिला वाफा निकम वहिनींचा, त्यात टोमॅटो. टोमॅटो चांगले आले, म्हणून उन्हाळ्यात पुन्हा तिथंच लावायचे असा त्यांचा बेत. आप्पा म्हणाले, "टोमॅटो, वांगं, मिरची ही एकाच भावकीतली. एका जागी सारखी ठेवली की रोग धरतोय. तुमच्या जागी आता घेवडा येऊ दे, तुमी टोमॅटो घेऊन पुढच्या वाफ्यात सरका. सगळ्यांनीच एकेक घर सरकायचं."

"मी का सरकू? नळाजवळची जागा माझी!"

जाधव वकिलांनी तर करारपत्र टाइप करून आणलं. 'वाफा क्रमांक एक यापुढे पूर्वेकडील लगतच्या वाफ्यात स्थलांतरित होईल' वगैरे. वहिनींनी ते न वाचताच त्यावर बियाणं वाळत घातलं.

आणि लावले टोमॅटो तिथंच. महिनाभरात रोपांनी माना टाकल्या. रोज एक झाड उभ्या उभ्या सुकायचं. वहिनी पाणी घालायच्या, शेणकाला घालायच्या, रोपांशी गोड बोलायच्या. काही उपयोग नाही. मला त्यांची खरंच दया आली. आप्पा मात्र "बघा, म्हटलं हुतं" असं एकदाही म्हणाले नाहीत. गुपचूप येऊन मेलेली रोपं उपटून लांब टाकून यायचे.

शेवटी एक दिवस वहिनी सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "व्हय, सरकू या. पण नळाचा पाइप माझ्याकडंच ऱ्हाईल!"

* * *

पुढच्या उन्हाळ्यात दोन वाफ्यांत चवळी टाकली. तीही गाडायलाच. आप्पांची सक्त ताकीद होती, "शेंग कुणी तोडायची न्हाय. वेल तसाच जिमिनीला द्यायचा."

पण रोज शेंगा कमी व्हायला लागल्या. आप्पांनी आधी पोपटांना शिव्या घातल्या, मग रस्त्यावरच्या जनावरांना. एके दुपारी तक्रार घेऊन आमच्याकडे आले. मी म्हटलं, "आधी जेवून घ्या," आणि नेहमीच्या सवयीनं ताट वाढलं. वाढल्यावर लक्षात आलं. ताटात चवळीच्या शेंगांची भाजी!

आप्पांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोपटानं मीठ जरा कमी टाकलंय."

* * *

एक गोष्ट मात्र हसायची नाही. एकदा वाफ्याच्या कडेला बसून आप्पा मला म्हणाले, "बाई, माझ्या रानात मी ह्ये कदी केलं न्हाय. ऊस काढला की ऊस. खत टाकलं, पाणी सोडलं, पुन्हा ऊस. ताग कर म्हणून आमचा म्हातारा सांगायचा. मी म्हटलं, तेवढ्यात एक पीक निघतंय. आता भाऊ कसतोय, त्योबी तसंच करतोय. माझं ऐकणार कोण? पर हितं तरी करू द्या."

चेअरमनांनी ही जागा काढून घेतली तर हा माणूस पुन्हा बाल्कनीत बसेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं आणि भीती वाटली.

* * *

दोन वर्षं झाली. सभेची नोटीस लागली. आणि आमचं नशीब बघा! त्या साली पाऊस लांबला, तागाची पेरणी लांबली, आणि चारही वाफ्यांतला ताग नेमका सभेच्या आधी फुलावर आला. मी आप्पांच्या हातापाया पडले. "सभा होईपर्यंत उभा राहू दे! निदान हिरवं तरी दिसेल!"

"फूल आलं की कापायचा. जिमिनीला तुमची सभा कळत न्हाय."

कापला. गाडला. वर पाऊस पडला. रविवारी सकाळी सगळी कॉलनी खुर्च्या घेऊन प्लॉटच्या कडेला जमली तेव्हा समोर काय होतं? नुसती माती. एक पान नाही. शिंदे साहेब कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले, चष्मा काढला, परत घातला.

"बाग कुठं हाय?"

सगळे आप्पांकडे बघायला लागले. वकीलसुद्धा! माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. आप्पा हाताची घडी घालून मातीकडे बघत होते.

"बोलू नका, चालंल. किती गाड्या बसतील ते मीच दावतो," असं म्हणून साहेबांनी आपली नवी गाडी आणली. आदल्याच दिवशी जोतिबाला नेऊन आणलेली, बॉनेटवर अजून गुलाल. ऐटीत वळवली आणि सरळ प्लॉटवर घातली.

पुढची चाकं वाफ्यावर आली आणि गाडीनं हळूच मान खाली घातली. साहेबांनी रिव्हर्स टाकला. गाडी आणखी खाली! बंपर मातीला टेकला. "अगं बया!" निकम वहिनी ओरडल्या.

साहेब दार ढकलून बाहेर आले तर बूट घोट्यापर्यंत आत. सगळे गाडीकडे धावले. आप्पाही धावले, पण गाडीकडे नाही. चाकानं उकरलेल्या चरात गुडघे टेकून त्यांनी हात कोपरापर्यंत आत घातला आणि लहान पोरासारखे ओरडले, "सायेब, हिकडं या! हिकडं या!"

"आप्पा, आधी गाडीचं बघा!"

"गाडी कुठं जात्या? हितं हात घाला. घाला की!"

साहेबांनी आमच्याकडे बघितलं. मग त्या पांढऱ्या शर्टाची बाही दुमडली, आप्पांच्या शेजारी उकिडवे बसले आणि हात घातला. मनगटापर्यंत गेला. आणखी आत गेला. मूठभर माती वर काढली. ती ओली होती, भुसभुशीत, मुठीतनं आपोआप सुटत होती. त्यांनी ती नाकाजवळ नेली.

मग हळूच म्हणाले, "आप्पा, ह्यात कोथिंबीर येईल का हो?"